इटलीची लाल वाइन: लेबल वाचण्याआधी द्राक्षाचं वाण ओळखू या

मेघना_तोरीनो

सहा वर्षं झाली इटलीतल्या तोरीनोत (ट्यूरिनमध्ये) येऊन. पुण्यात गाड्यांच्या क्षेत्रात होते, त्याच कामानं इथे आले. वाइनशी माझा संबंध शून्य होता. पहिल्याच ऑक्टोबरात ऑफिसमधल्या एका वयस्क सहकाऱ्यानं आम्हा चौघांना लांगेच्या टेकड्यांवर नेलं. ला मोर्रा गावाच्या कठड्यापाशी उभे राहिलो तर वर लख्ख ऊन आणि खाली दरीभर धुकं. त्या धुक्यात ठिकठिकाणी काढणी चाललेली, माणसं दिसत नव्हती, नुसते आवाज येत होते. तो म्हणाला, "हे नेब्बिआ. आणि जे तोडतायत ते नेब्बिओलो." धुक्यावरून द्राक्षाचं नाव. काही जण म्हणतात की मण्यांवर जो पांढुरका थर येतो त्यावरून ते नाव पडलं. मला धुक्याचीच व्युत्पत्ती पटते, कारण हे वाण इतकं उशिरा पिकतं की बाकी सगळ्यांची काढणी उरकून धुकं उतरायला लागलं तरी हे वेलीवरच असतं.

धागा काढण्याचं कारण असं की आपल्याकडे इटालियन वाइनबद्दल बोलणं सुरू झालं की लगेच ब्रँड आणि किंमत निघते. माझा अनुभव असा आहे की वाणापासून सुरुवात केली तर सगळं उलगडत जातं. काबेर्ने सोव्हिन्यों जगभर लावतात आणि ते जाईल तिथे बऱ्यापैकी रुजतं. इटलीतली बरीच वाणं तशी नाहीत. नेब्बिओलोचे प्रयोग अमेरिकेत, ऑस्ट्रेलियात झाले, पण ते खऱ्या अर्थानं नांदलं ते पिएमोंतेत, म्हणजे तोरीनोच्या या प्रांतात, आणि शेजारच्या लोम्बार्दीतल्या वाल्तेल्लीनात. इटलीच्या राष्ट्रीय नोंदवहीत वाइनच्या द्राक्षांची 500हून जास्त वाणं आहेत, आणि त्यातली कितीतरी एकदोन खोऱ्यांपलीकडे गेलेलीच नाहीत.

नेब्बिओलोची सर्वांत प्रसिद्ध वाइन म्हणजे बारोलो. 11 गावांच्या हद्दीत पिकलेलं, शंभर टक्के नेब्बिओलो, काढणीनंतर किमान 38 महिने मुरवलेलं, त्यातले 18 महिने तरी लाकडात. शेजारचं बार्बारेस्को 26 महिन्यांत बाहेर येतं, लाकडातले 9. पेल्यात ओतल्यावर रंग बघून फसायला होतं. पातळ कोकम सरबतासारखा आरपार दिसणारा, कडेला विटकरी झाक. वाटतं, हलकीच असणार. मग घोट घेतला की तोंड आवळून येतं, कच्चं जांभूळ खाल्ल्यावर येतं तसं. गंध मात्र वाळलेल्या गुलाबाचा आणि डांबराचा. डांबर म्हटल्यावर नाक मुरडू नका. पावसाआधी तापलेल्या नव्या रस्त्याचा वास आठवा.

एकाच बारोलोत गावागणिक फरक आहे. ला मोर्रा आणि बारोलो गावाच्या बाजूची माती वेगळी, तिथली वाइन लवकर मवाळ होते आणि सुगंधी असते. पूर्वेकडे सेर्रालुंगा आणि दक्षिणेला मोनफोर्ते इथली आडदांड, दहा-पंधरा वर्षं थांबायला लावणारी. एका कठड्यावरून दोन्ही उतार दिसतात, एवढंच अंतर.

तुम्ही कोणती इटालियन लाल वाइन प्यायलात, कोणत्या द्राक्षाची होती, कशी वाटली, ते लिहा. माहीत नसलं तरी लिहा, इथे शोधून काढू.

पिंपळपान

सुंदर धागा! मी एवढ्यातच बंगळूरला मित्राकडे मोंतेपुल्चानो प्यायलो, फार आवडली. काळपट लाल, मऊ. नंतर वाचलं की मोंतेपुल्चानो हे टस्कनीतलं टेकडीवरचं गाव आहे आणि तिथली वाइन पूर्वी सरदार-दरकदार प्यायचे म्हणून तिला 'नोबिले' म्हणतात. म्हणजे मी प्यायलो ती तीच का? किंमत तर फारच कमी होती.

मेघना_तोरीनो

पिंपळपान, या नावानं भलेभले फसतात. दोन पूर्णपणे वेगळ्या गोष्टी आहेत.

'वीनो नोबिले दि मोंतेपुल्चानो' यात मोंतेपुल्चानो हे गाव. द्राक्ष सांजोवेझे, कमीत कमी 70 टक्के. त्या गावात त्याला प्रुन्योलो जेन्तीले म्हणतात.

'मोंतेपुल्चानो दाब्रुत्सो' यात मोंतेपुल्चानो हे द्राक्षाचं वाण, आणि ते पिकतं आद्रियाटिक समुद्राच्या बाजूला आब्रुत्सो प्रांतात. त्या गावाशी संबंध नाही. काळपट रंग आणि मऊपणा लिहिलाय त्यावरून तुम्ही ही दुसरी प्यायलात. चांगली वाइन आहे, रोजच्या जेवणाला मला खूप आवडते. किंमत कमी म्हणून तिला खालची समजू नका.

सांजोवेझेच्या नावांची गंमत इथेच थांबत नाही. मोन्ताल्चिनोत तेच ब्रुनेल्लो होतं, मारेम्माच्या किनाऱ्याकडे मोरेल्लीनो. एकच मुलगी माहेरी, सासरी, मामाकडे वेगवेगळ्या नावानं हाक मारली जाते, तसं.

अभ्यासू_वाचक

क्यांतीबद्दल, म्हणजे टस्कनीतला तो प्रदेश आणि तिथली सांजोवेझेची वाइन, थोडी भर घालतो, कारण तिथे सांजोवेझेचं खरं राजकारण झालं.

1716 साली टस्कनीचा ग्रँड ड्यूक कोझिमो तिसरा यानं फर्मान काढून क्यांतीची हद्द ठरवली. वाइनच्या प्रदेशाची सीमा कायद्यानं आखण्याच्या जगातल्या सर्वांत जुन्या उदाहरणांत हे येतं. पुढे 1872 मध्ये बॅरन बेत्तीनो रिकासोली यांनी एका पत्रात आपलं मिश्रण लिहून ठेवलं: मुख्य सांजोवेझे, त्याला मवाळ करायला कानायोलो, आणि लवकर प्यायच्या वाइनमध्ये थोडं पांढरं मालवाझिआ. हा शेवटचा भाग नीट वाचा. पांढरं द्राक्ष फक्त लवकर प्यायच्या वाइनसाठी होतं. पण 1967 मध्ये क्यांतीचा नियम झाला तेव्हा सरसकट 10 ते 30 टक्के पांढरं द्राक्ष बंधनकारक झालं. वाइन पातळ झाली, गवताच्या वेष्टणातल्या बाटल्यांनी दुकानं भरली आणि क्यांतीचं नाव खराब झालं.

ज्यांना चांगलं करायचं होतं त्यांनी नाव सोडलं. टस्कनीतल्या पिएरो आंतिनोरींची 'तिन्यानेल्लो' ही वाइन 1971च्या हंगामाची, तिच्यावर क्यांती हे नाव नव्हतं, कायद्याच्या भाषेत ती साधी 'टेबल वाइन' होती. आणि लोक तिला क्यांतीच्या कितीतरी पट पैसे द्यायला तयार. शेवटी नियमच बदलावे लागले. आज क्यांती क्लास्सिकोत, म्हणजे जुन्या मूळ भागातल्या क्यांतीत, किमान 80 टक्के सांजोवेझे लागतं आणि 2006च्या हंगामापासून पांढऱ्या द्राक्षाला पूर्ण बंदी आहे. काळ्या कोंबड्याचं चिन्ह दिसलं की ती क्लास्सिको.

माझं मत: शुद्ध सांजोवेझे समजून घ्यायचं असेल तर ब्रुनेल्लो दि मोन्ताल्चिनो. शंभर टक्के तेच, दुसरं काही मिसळायला परवानगीच नाही. फेर्रुच्चो बिओन्दी-सान्ती यांनी एकोणिसाव्या शतकात, बाकी सगळे मिश्रणं करत असताना, एकट्या सांजोवेझेची, वर्षानुवर्षं टिकणारी वाइन केली. त्यांच्या घरातली 1888ची बाटली प्रसिद्ध आहे.

निफाडचा_बागाईतदार

मेघनाताई, आमची खाण्याच्या द्राक्षाची बाग आहे, मी वाइन पीत नाही, पण वाचायला घेतलं आणि सोडवेना. काही प्रश्न आहेत.

1. तिकडं छाटणी किती वेळा? आपल्याकडं एप्रिलात खरड छाटणी आणि ऑक्टोबरात फळ छाटणी, अशा दोन.
2. खुंट, म्हणजे ज्याच्यावर कलम करतात ते मूळ, कोणता? आमच्याकडं डॉगरिज.
3. एकरी टनेज किती? आम्ही दहा-बारा टन धरतो.
4. हे नेब्बिओलो आपल्याकडं का नाही येणार?

मेघना_तोरीनो

दादा, तुमचे प्रश्न वाचून मी ते जसेच्या तसे ओळखीच्या एका बागाईतदाराला विचारले. त्यांना आपल्या दोन छाटण्यांचं इतकं आश्चर्य वाटलं की उलट तेच मला अर्धा तास विचारत बसले.

छाटणी इथे एकच, हिवाळ्यात, वेल झोपलेली असताना. आपल्याकडे तशी थंडी नसल्यानं वेल झोपतच नाही, म्हणून आपण छाटणी करून तिला दिशा देतो. इथे बर्फ ते काम करतं. शिवाय उन्हाळ्यात हिरवे घड कापून जमिनीवर टाकतात, म्हणजे उरलेल्यांत ताकद येते. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा माझा जीव कळवळला होता.

खुंट इथेही अमेरिकन वंशाचेच, फिलॉक्सेरा किडीमुळे. एकोणिसाव्या शतकात तिनं युरोपातल्या बागा मुळासकट खाल्ल्या, तेव्हापासून कलम केल्याशिवाय लावत नाहीत. तुम्ही डॉगरिज क्षार आणि पाण्याच्या ताणासाठी वापरता, हे किडीसाठी.

टनेज ऐकून हसाल. बारोलोला कायद्यानं हेक्टरी 8 टनांची मर्यादा आहे. म्हणजे एकरी साधारण सव्वातीन टन. जास्त पिकलं तर ते बारोलो या नावानं विकता येत नाही.

चौथा प्रश्न अवघड. नेब्बिओलोला डोळे लवकर फुटतात आणि पिकतं सगळ्यांच्या शेवटी, त्यामुळे त्याला लांबलचक हंगाम आणि शेवटच्या टप्प्यात उतरत जाणारं तापमान लागतं. आपल्याकडे उलटं आहे. घड पिकतात फेब्रुवारी-मार्चमध्ये, ऊन चढत असताना. साखर भराभर भरते, आंबटपणा उतरतो, पण सालीतला आणि बियांतला तुरटपणा पिकायला वेळच मिळत नाही.

सोलापूरकर

मात्र सांजोवेझे आलंय ना आपल्याकडे! अकलूजजवळ फ्रातेल्लीच्या बागेत आहे. फ्रातेल्ली म्हणजे इटालियनमध्ये भाऊ. इटलीचे सेच्ची बंधू, अकलूजचे मोहिते-पाटील आणि दिल्लीचे सेखरी, अशा तीन घरांतल्या भावांनी मिळून काढलेली कंपनी, आणि वाइनमेकर टस्कनीचे पिएरो मासी. त्यांची 'सेत्ते' ही सांजोवेझे आणि काबेर्नेची आहे. सेत्ते म्हणजे सात.

मी तिथली एकट्या सांजोवेझेचीही घेतली होती. नंतर मुलीनं फ्लोरेन्सहून क्यांती क्लास्सिको आणली, तेव्हा दोन्ही शेजारी ठेवून प्यायलो. आपली जास्त पिकलेली, गोडसर फळाची, उन्हाची. तिकडची आंबट चेरीसारखी, शेवटी थोडी कडवट, जेवण मागणारी. बहिणी आहेत हे कळतं, पण एक सोलापूरच्या उन्हात वाढलेली आणि दुसरी टेकडीवरच्या गारव्यात.

तासगावकर

मला कुणीतरी आमारोनेबद्दल सांगेल का? एका ठिकाणी वाचलं की ती सुकवलेल्या द्राक्षांची करतात. आमच्या गावात बेदाण्याच्या शेडमध्ये लहानपण गेलंय, म्हणून कान टवकारले.

मेघना_तोरीनो

तासगावकर, तुमच्याच प्रश्नाची वाट बघत होते! वेरोनाजवळच्या वाल्पोलिचेल्ला भागात मी मुद्दाम जानेवारीत गेले होते, कारण तेव्हा सुकवणी चालू असते.

वाणं तीन लक्षात ठेवा: कोर्विना, कोर्विनोने, रोन्दिनेल्ला. कोर्विनोनेला कितीतरी वर्षं कोर्विनाचाच मोठ्या मण्यांचा प्रकार समजत होते. ते स्वतंत्र वाण आहे हे 1990च्या दशकात सिद्ध झालं.

सप्टेंबर-ऑक्टोबरात घड हातानं निवडतात. मणी एकमेकांना चिकटलेले नसावेत, मधून हवा जायला हवी. मग माडीवरच्या हवेशीर खोलीत, पूर्वी बांबूच्या तट्ट्यांवर आणि आता बहुतेक ठिकाणी प्लॅस्टिकच्या उथळ क्रेटमध्ये, एका थरात मांडून ठेवतात. तीन ते चार महिने. आपल्याकडे बेदाण्यासाठी द्राक्षं डिपिंग ऑइल आणि पोटॅशियम कार्बोनेटच्या पाण्यात बुडवतात, म्हणजे सालीवरचा मेणाचा थर मोडून पंधरवड्यात माल सुकतो. इथे त्या थराला हात लावत नाहीत. थंडीत, हळूहळू, स्वतःहून पाणी जाऊ देतात. वजन तीस-चाळीस टक्के घटतं, पण बेदाणा होत नाही. मणी सुरकुततो, आत रस राहतो.

त्या रसातली सगळी साखर आंबवून संपवली की आमारोने, किमान 14 टक्के अल्कोहोल, प्रत्यक्षात 15-16 सहज. साखर मुद्दाम ठेवली तर गोड रेचोतो. रेचोतो जुनी, आमारोने अलीकडची. 'आमारो' म्हणजे कडू. आणि आमारोनेचा चोथा उरतो त्यावर साधी वाल्पोलिचेल्ला पुन्हा एकदा ओतून आंबवली की रिपास्सो. पहिल्यांदा आमारोने घेण्यापेक्षा रिपास्सो घ्या, खिशालाही बरी.

त्या खोलीत शिरल्यावर जो वास आला ना, तो मी शब्दांत मांडू शकत नाही. मनुका, ओलं लाकूड आणि थंड हवा.

तासगावकर

आमच्या शेडमध्ये उभं राहिलं की गोड वास आणि अंगाला चिकटणारी गरम हवा. वडील रात्री-अपरात्री उठून पडदे सोडायचे, अवकाळी आला की वर्षाची कमाई गेली. त्यांना हे वाचून दाखवलं. म्हणाले, "चार महिने माल तट्ट्यावर? बुरशी धरत नाही?"

मेघना_तोरीनो

काकांना सांगा, धरते, आणि इथल्या लोकांचीही तीच झोप उडवणारी काळजी आहे. काढणीनंतर हवा दमट राहिली तर पंखे, आर्द्रता काढणारी यंत्रं लावतात. एक कुजका मणी दिसला की तो घड बाहेर. मी गेले होते त्या घरातली आजी रोज सकाळी खोलीतून फेरी मारून प्रत्येक थर बघत होती.

समुद्रवेडी

सिसिली कुणी घेतलीच नाही, म्हणून लिहिते. मागच्या वर्षी एत्ना ज्वालामुखीच्या उत्तर उतारावर तीन दिवस राहिले. नेरेल्लो मास्कालेझे हे तिथलं वाण. समुद्रसपाटीपासून 1000 मीटरपर्यंत बागा, काळ्या लाव्हाच्या दगडांचे बांध, आणि वेली मांडवावर नाहीत, एकेका खुंटीला बांधलेली बुटकी झाडं. त्याला आल्बेरेल्लो म्हणतात. ट्रॅक्टर जात नाही, सगळं हातानं.

मला हलवून टाकणारी गोष्ट ही: तिथल्या काही वेली शंभर वर्षांहून जुन्या आहेत आणि त्यांना कलम नाही, स्वतःच्या मुळांवर उभ्या आहेत. ज्वालामुखीच्या वाळूसारख्या मातीत फिलॉक्सेरा टिकला नाही. बाकी युरोप उजाड झाला तेव्हा हे कोपरे वाचले. नंतर गावं रिकामी झाली, माणसं कामाला बाहेर गेली, बागा पडीक झाल्या. 2000च्या आसपास आंद्रेआ फ्रांकेत्ती, मार्को दे ग्रात्सिआ, बेल्जियमचे फ्रांक कोर्नेलिस्सेन असे बाहेरचे लोक आले आणि त्यांनी जुन्या बागा धरल्या. अर्थात जी स्थानिक घरं तोवर टिकून राहिली त्यांचं श्रेय मला जास्त वाटतं.

चव बारोलोच्या जवळची, तसाच फिका रंग, पण वास धुराचा आणि लाल फळाचा.

अभ्यासू_वाचक

दक्षिणेत आणखी एक वाण: आल्यानिको. त्याची वाइन कांपानियात ताउराझी, आणि बाझिलिकातात वुल्तुरे डोंगराची, हाही ज्वालामुखीच, पण विझलेला. नोव्हेंबरात काढणी जाते इतकं उशिराचं. ताउराझीला 'दक्षिणेचं बारोलो' म्हणतात, ते मला पटत नाही. आल्यानिकोला स्वतःचं नाव पुरेसं आहे.

आणि उंब्रियातलं साग्रान्तिनो. मोन्तेफाल्को गावाभोवतीच. तुरटपणात त्याच्यापुढे नेब्बिओलोसुद्धा मवाळ वाटतं. म्हणूनच पूर्वी त्याची गोड वाइन करायचे.

पण एक मुद्दा मांडतो, मेघना. इटलीतली ही वाणं तिथलीच, 'देशी', असं मानताना जरा जपून. पुलियाचं प्रिमितिवो आणि कॅलिफोर्नियाचं झिन्फान्देल एकच आहे हे 1990च्या दशकात डीएनए तपासणीतून कॅरल मेरेडिथ यांनी दाखवलं, आणि 2001 मध्ये त्याचं मूळ क्रोएशियाच्या किनाऱ्यावर एका जुन्या बागेत सापडलं. सार्दिनियाचं कान्नोनाऊ म्हणजे स्पेन-फ्रान्समधलं ग्रेनाश. मग इटालियन कुणाला म्हणायचं?

मेघना_तोरीनो

मान्य. पण मिरची आणि बटाटा बाहेरून आले म्हणून मिरचीचा ठेचा आपला नाही असं कुणी म्हणत नाही. प्रिमितिवो पुलियात दोनशे वर्षांहून जास्त काळ आहे, तिथल्याच एका धर्मगुरूनं अठराव्या शतकात ते लवकर पिकतं म्हणून निवडून लावलं आणि त्यावरून नाव पडलं. ज्या मातीत पिढ्यान्‌पिढ्या निवड झाली, ती माती त्याची. माझ्यासाठी 'देशी' याचा अर्थ जन्मदाखला नाही, कुणीतरी ते सांभाळलं हा आहे.

सांभाळण्यावरून दोन उदाहरणं. फ्रिउलीत स्लोव्हेनियाच्या सीमेवरचं स्कियोप्पेत्तिनो 1970च्या दशकात जवळजवळ संपलं होतं, लागवडीच्या अधिकृत यादीतही नव्हतं. पाओलो आणि दीना रापुत्सी या जोडप्यानं उरलीसुरली झाडं शोधून चिआल्लात बाग उभी केली. आणि इथे पिएमोंतेत, कास्तान्योले मोन्फेर्रातो गावात जाकोमो काऊदा या धर्मगुरूंना चर्चच्या बागेत रुकेच्या काही जुन्या वेली सापडल्या. त्यांनी 1960च्या दशकात त्याची स्वतंत्र वाइन करायला घेतली. आज रुकेला इटलीतला सर्वोच्च दर्जा, डीओसीजी, आहे. गुलाब आणि मिरीचा वास येतो.

मृगजळ

बारोलोवाल्यांचं भांडण झालं होतं ना काहीतरी? आणि आपल्या जेवणाबरोबर यातलं काय जातं? आमच्याकडे रविवारी मटण असतं.

मेघना_तोरीनो

भांडण खरंच झालं, घराघरांत झालं. जुनी पद्धत म्हणजे सालीसकट रस आठवडेच्या आठवडे ठेवायचा आणि मग मोठ्या जुन्या पिंपांत वर्षानुवर्षं मुरवायचा. 1970च्या दशकात काही तरुण फ्रान्समधला बर्गंडी हा वाइनचा प्रदेश बघून आले. त्यांना वाटलं, आपली वाइन वीस वर्षं पिण्यालायक होत नाही म्हणून आपण गरीब. त्यांनी साली लवकर काढल्या आणि 225 लिटरची नवी फ्रेंच पिंपं, म्हणजे 'बारिक', आणली. एलिओ आल्तारे यांनी 1983 मध्ये वडिलांची जुनी पिंपं यांत्रिक करवतीनं कापली, आणि वडिलांनी त्यांना वारसाहक्कातून काढलं. दुसऱ्या बाजूला बार्तोलो मास्कारेल्लो. लहान पिंपांना ठाम नकार. त्यांनी स्वतः रंगवलेलं 'नो बारिक, नो बेर्लुस्कोनी' (बेर्लुस्कोनी हे इटलीचे राजकारणी) हे लेबल इथे अजून लोक आठवतात. आता बहुतेक जण मधल्या वाटेवर आहेत. मला जुन्या पद्धतीची आवडते, कारण नव्या लाकडाचा व्हॅनिलासारखा वास गुलाबावर बसतो. पण आल्तारेंच्या पिढीनं तळघरात जी स्वच्छता आणली ती सगळ्यांच्या कामी आली.

मटणाबरोबर बारोलो नको. तुरटपणा आणि तिखट एकत्र आले की दोन्ही भडकतात. बार्बेरा घ्या. पिएमोंतेतलंच रोजचं द्राक्ष, तुरटपणा कमी, आंबटपणा भरपूर. मटणाच्या रश्श्याला लिंबू पिळतो ना, ते काम बार्बेरा करते. भरल्या वांग्यालाही चालते. भजी, वडा असं तळणीचं असेल तर लाम्ब्रुस्को, थंडगार. लाल आणि फेसाळ.

निफाडचे दादा, लाम्ब्रुस्कोतलं तुमच्यासाठी राखून ठेवलेलं: सोर्बारा नावाच्या त्याच्या वाणाचा पराग वांझ असतो. शेजारी सालामीनो वाणाच्या ओळी लावल्याशिवाय फळधारणा नीट होत नाही. तरी घड विरळच. मोदेनाचे शेतकरी हे माहीत असून पिढ्यान्‌पिढ्या ते लावतात.

निफाडचा_बागाईतदार

आमच्याकडं असं वाण असतं तर दुसऱ्या वर्षी कुऱ्हाड लावली असती. पण त्यांनी ठेवलं, ह्याचं मला फार बरं वाटलं.

ताई, पुतण्या मागं इटलीहून एक बाटली घेऊन आला होता, दोन वर्षं कपाटात पडून आहे. आज चष्मा लावून वाचली. 'दोल्चेत्तो दाल्बा' लिहिलंय. सगळे म्हणतात दोल्चे म्हणजे गोड. फळ छाटणी आटोपली की घरात सगळे जमतात, तेव्हा उघडू म्हणतो. मीही चव बघेन. गोड आहे का? आणि खराब झाली असेल का?

मेघना_तोरीनो

दादा, दोल्चेत्तो म्हणजे 'लहानगं गोड', पण वाइन गोड नसते. शेवटी कडू बदामासारखी थोडी कडवट लागते. ती लवकर प्यायचीच वाइन आहे, त्यामुळे आणखी थांबू नका. कपाट उन्हाच्या भिंतीला नसेल तर ठीक असेल. उघडण्याआधी अर्धा-पाऊण तास फ्रीजमध्ये ठेवा. निफाडच्या ऑक्टोबरात ती तशीच ओतली तर नुसती उग्र लागेल. आणि पुतण्याला म्हणावं, बूच काढल्यावर आधी वास घ्यायला काकांना दे.

निफाडचा_बागाईतदार

बरं. पावसामुळं यंदा छाटणी आठ दिवस पुढं गेलीय. झाली की लिहितो.